स्मृतिभ्रंश : वयाचा धर्म नव्हे, मेंदूचा विकार

‘साठी बुद्धी नाठी’ ही म्हण समाजात इतकी रुजली आहे की, वृद्धांची स्मृती ढासळू लागली तरी तो वयाचा धर्म मानला जातो. वैद्यकशास्त्राचा निष्कर्ष मात्र निराळा आहे. स्मृतिभ्रंश (डिमेन्शिया) हा वार्धक्याचा अटळ परिणाम नसून मेंदूच्या विविध विकारांतून उद्भवणारा लक्षणसमूह आहे. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय पाहणीनुसार भारतात साठ वर्षांवरील सुमारे ८८ लाख व्यक्तींना तो जडलेला आहे.

कारणांचा शोध

१९०१ मध्ये जर्मनीतील फ्रँकफुर्ट येथे डॉ. अलॉइस आल्झायमर यांनी ५१ वर्षांच्या एका स्त्री रुग्णाच्या विस्मरणाच्या नोंदी ठेवल्या. १९०६ मध्ये तिच्या मृत्यूनंतर मेंदूची सूक्ष्मदर्शकाखाली तपासणी करता त्यांना पेशींबाहेर साचलेले थर आणि पेशींतील तंतूंचा गुंता आढळला. १९८४ मध्ये अमेरिकेतील ग्लेनर व वाँग यांनी या रोगात साचणारे ॲमिलॉइड प्रथिन ओळखले. तंतूंचा गुंता ‘टाऊ’ या प्रथिनाचा असल्याचेही पुढे सिद्ध झाले. मेंदूचा रक्तपुरवठा खंडित होणे हे स्मृतिभ्रंशाचे दुसरे महत्त्वाचे कारण होय. ‘लॅन्सेट’ आयोगाच्या २०२४ च्या अहवालानुसार उच्च रक्तदाब, मधुमेह, धूम्रपान, बहिरेपणा, अल्पशिक्षण, एकाकीपणा आदी १४ घटकांचे निवारण झाल्यास जगातील सुमारे ४५ टक्के रुग्णांचा स्मृतिभ्रंश टळू शकेल किंवा लांबणीवर पडेल.

निदानातील अडचण

१९७५ मध्ये अमेरिकेत तयार झालेली तीस गुणांची प्रश्नावली जगभर प्रचलित झाली. तीत लेखी सूचना वाचून कृती करणे व एक वाक्य लिहिणे यांचा समावेश होता. अशा कसोटीवर निरक्षर व्यक्ती निरोगी असूनही रुग्ण ठरण्याचा धोका होता. हरियाणातील बल्लभगड परिसरात या कसोटीचे हिंदी रूप सिद्ध करताना संशोधकांनी हा दोष दूर केला. वाचनाऐवजी तपासनिसाच्या कृतीचे अनुकरण करावयाचे आणि लेखनाऐवजी आपल्या घराविषयी काही सांगावयाचे, असा बदल करण्यात आला. १९९५ मध्ये हे कार्य प्रसिद्ध झाले. निरक्षरता आणि रोग यांतील भेद त्यामुळे स्पष्ट झाला.

मे २०२५ मध्ये अमेरिकेत आल्झायमर रोगाच्या निदानास साहाय्य करणाऱ्या रक्तचाचणीस प्रथमच मान्यता मिळाली. तथापि, नातेवाइकांनी सांगितलेली हकीकत, शारीरिक तपासणी, रक्ततपासणी व मेंदूचे प्रतिमाचित्र हाच निदानाचा पाया आहे. ब-१२ जीवनसत्त्वाचा अभाव, थायरॉइड ग्रंथीची मंदता, नैराश्य, काही औषधांचे दुष्परिणाम अथवा डोक्यास मार लागून झालेला रक्तस्राव यांमुळेही विस्मरण होते आणि वेळीच उपचार झाल्यास त्यात सुधारणा होऊ शकते.

म्हणूनच नेहमीची वाट चुकणे, हिशेब न जमणे, तोच प्रश्न वारंवार विचारणे ही लक्षणे आढळल्यास वृद्धास ‘म्हातारचळ’ लागला म्हणून घरी बसवू नये. प्राथमिक आरोग्य केंद्रामार्फत जिल्हा रुग्णालयात तपासणीस न्यावे. गावात ही जाणीव रुजविण्याचे कार्य शिक्षक व पंचायत सदस्य उत्तम प्रकारे करू शकतील.