तापीकाठी राहून पाण्याचा हिशेब

सुरतेत पाण्याच्या काटकसरीची गोष्ट काढली की ऐकणारा हसतो. तापी दाराशी आहे, वर उकाईचे धरण आहे, मग चिंता कसली, असे तो विचारतो. या प्रश्नाचे उत्तर नकाशात आहे, म्हणून आम्ही प्रथम नकाशाच उघडतो.

तापी मुलताईजवळ उगम पावून बऱ्हाणपूर, भुसावळ करीत सुरतेस येते. तिचे खोरे ६५,१४५ चौरस किलोमीटरचे. त्यातील जवळजवळ चार पंचमांश भाग महाराष्ट्रात असून गुजरातच्या वाट्यास सतरावा हिस्साही नीट येत नाही. म्हणजे आपल्या नळाचे पाणी मुख्यतः खानदेश-वऱ्हाडात पडलेल्या पावसाचे आहे. लिंबायत-उधन्यातील आपली कित्येक कुटुंबे धुळे-जळगावकडून आलेली. तिकडचे आभाळ रुसले तर त्याची झळ नदीच्या या टोकालाही लागावयाचीच. उकाईचे धरण १९७२ साली पुरे झाले, पण त्या साठ्यावर शेतीचा व कारखान्यांचाही हक्क आहे. खालच्या अंगास समुद्र. भरतीचे खारे पाणी वर चढू नये म्हणून १९९५ मध्ये सिंगणपोरला बंधारा बांधावा लागला. २००६ च्या ऑगस्टात याच नदीने शहर बुडविले हे खरे. परंतु पुराचे पाणी समुद्रास मिळते, हंड्यात राहत नाही.

आता घराकडे वळू. शहरात माणशी रोज १३५ लिटर पाणी हे प्रमाण आपल्या देशात धरतात. पाच माणसांच्या घरास ६७५ लिटर झाले. ते जाते कोठे, हे मोजल्यावाचून कळत नाही. गळक्या नळाखाली तांब्या ठेवून घड्याळ पाहावे. तासाला अर्धा लिटर जमला तर दिवसास १२ आणि वर्षास ४,३८० लिटर झाले, आणि तेही एका वायसरपायी!

शौचालयाच्या जुन्या टाक्या एका वेळेस दहा लिटर किंवा अधिकही पाणी सोडतात. नव्या दोन बटणांच्या टाक्यांत लहान बटणास सुमारे ३ व मोठ्यास ६ लिटर लागते. टाकी बदलणे परवडत नसेल तर पाण्याने भरलेली लिटरची बाटली आत ठेवावी. वीट मात्र ठेवू नये, तिचा चुरा झडून झडप बिघडते. आर.ओ. यंत्र एक लिटर शुद्ध पाण्यामागे पुष्कळदा दोन-तीन लिटर बाहेर टाकते. ते फरशी पुसावयास उत्तम. आमच्या मुसलमान घरांत वुजूच्या वेळी नळ सोडून बसण्याची खोड फार. हजरत पैगंबर एका मुदने, म्हणजे सुमारे पाऊण लिटरात, वुजू करीत असे हदीसमध्ये आहे. तांब्या हाती घेतला की तेवढे पुरतेही!

राहिला पाऊस. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे बरोबर एक लिटर, हे आम्ही मुलांकडून घोकून घेतो. सुरतेत सरासरीने वर्षास हजार मिलिमीटरहून अधिक पडतो. तेव्हा ५० चौरस मीटरच्या गच्चीवर ५०,००० लिटर आले. पाचवा हिस्सा वाया गेला असे धरले तरी ४०,००० हाती राहतात. गुजरातच्या जुन्या शहरांतील घरांत अंगणाखाली याचसाठी टांके असे. आज टांके खणावयास जागा नसेल तर गच्चीचा नळ गाळणीतून साध्या टाकीत घ्यावा. पहिल्या एक-दोन सरींचे पाणी धूळ व पक्ष्यांची घाण घेऊन येते, ते सोडून द्यावे. टाकी भरल्यावर उरलेले सोसायटीच्या बोअरशेजारी शोषखड्ड्यात मुरवावे.