पाहण्याआधी ऐकावे

(द्वितीय वर्ष, कला)

सहल म्हटली की डोळ्यांपुढे प्रथम चित्रे येतात. गोव्याचे म्हणाल तर समुद्रकिनारा, माड आणि पांढरीशुभ्र चर्चे. गेल्या डिसेंबरअखेर आपल्या महाविद्यालयाची शैक्षणिक सहल गोव्याला नेण्याचे ठरले, तेव्हा वर्गातल्या मोबाइलवर हीच चित्रे फिरू लागली. मी मात्र सहलीआधीचे पंधरा दिवस रोज सकाळी अर्धा तास आकाशवाणीचे पणजी केंद्र ऐकले. त्यातून जे हाती लागले ते विद्यार्थी मित्र-मैत्रिणींपुढे व गुरुजनांपुढे मांडावे, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

पणजी आपल्यापासून सरळ रेषेत सुमारे पावणेचारशे किलोमीटर. एफ. एम. लहरी साधारण सरळ जातात. काही दहा किलोमीटरांवर त्यांची धाव संपते. मध्यम लहरींचे तसे नाही. रात्री वातावरणाच्या वरच्या विद्युत्भारित थरावरून त्या परावर्तित होतात आणि दूरवर पोहोचतात. म्हणूनच पूर्वी रात्री रेडिओची सुई फिरवता फिरवता परमुलखातले आवाज सापडत. आता प्रसारभारतीच्या ‘न्यूज ऑन एअर’ या ॲपवर देशभरातील आकाशवाणी केंद्रे ऐकता येतात. पैसे पडत नाहीत, थोडा डेटा खर्च होतो इतकेच. तेव्हा हा अभ्यास खेड्यातल्या विद्यार्थ्यालाही सहज जमण्यासारखा आहे.

परंतु रेडिओच का? माझ्या मते याचे कारण असे, की पर्यटनाची पुस्तिका पाहुण्याशी बोलते आणि स्थानिक रेडिओ घरच्यांशी बोलतो. पुस्तिकेत समुद्र निळाशार असतो. रेडिओवर त्याच समुद्रात वारा किती वेगाने वाहील आणि मच्छिमारांनी होड्या न्याव्यात की नाही, हे सांगतात. पणजीला वर्षाकाठी सुमारे तीन हजार मिलिमीटर पाऊस होतो. आपल्या जिल्ह्यात त्याच्या चौथ्या हिश्श्याच्या आसपास. आपल्याकडे पाऊस कधी येणार म्हणून बातम्यांकडे कान लागतात, तर किनाऱ्यावरचा माणूस समुद्र कधी शांत होणार म्हणून ऐकतो. दोघांची काळजी पोटाचीच.

आमच्या घरात महाविद्यालयाची पायरी चढणारी मी पहिलीच. परक्या मुलखात मुलीला पाठवायचे म्हटल्यावर आई-वडिलांचे मन कचरत होते. त्यांनी गोवा पाहिला होता तो फक्त सिनेमात. फोन आईचा, त्यामुळे मी रेडिओ लावला की तो चुलीपाशीच वाजे. सकाळच्या वेळी अभंग लागला, त्यामागून कोंकणी बातम्या आल्या, मग शेतीविषयी काही माहिती. चौथ्या-पाचव्या दिवशी भाकरी थापता थापता आई म्हणाली, “तिकडंबी आपल्यावानीच माणसं हायेत की.” सहलीची परवानगी मला त्या वाक्याने मिळाली. माझ्या विनवण्यांनी ती मिळाली नव्हती.

भाषेच्या दृष्टीने मला सर्वांत अधिक लाभ झाला. आरंभी कोंकणी बातम्या अर्ध्याच कळत. मी वहीत शब्द टिपू लागले. आयज म्हणजे आज, फाल्यां म्हणजे उद्या, नुस्तें म्हणजे मासळी, भुरगें म्हणजे लेकरू. पाण्याला ते ‘उदक’ म्हणतात. आपल्याकडे हा शब्द संतवाणीत किंवा पूजेतच भेटतो. तिथे तो रोजच्या तहानेचा शब्द आहे. ‘देव बरें करूं’ हे त्यांचे आभार मानणे तर मला फारच आवडले.

या भाषेला आजचे स्थान सहजासहजी मिळालेले नाही. गोवा महाराष्ट्रात विलीन करावा की वेगळा ठेवावा, यावर १६ जानेवारी १९६७ रोजी तेथे जनमत कौल झाला आणि कौल वेगळे राहण्याच्या बाजूने लागला. १९८७ साली गोव्याच्या राजभाषा कायद्याने कोंकणी राजभाषा झाली. मराठीच्या वापरालाही त्या कायद्यात स्थान आहे. १९९२ साली कोंकणीचा समावेश राज्यघटनेच्या आठव्या परिशिष्टात झाला. कोंकणी ही मराठीची बोली की स्वतंत्र भाषा, यावर विद्वानांत दीर्घकाळ वाद झाला. तो सोडवण्याचा माझा अधिकार नाही. परंतु ‘कामून’ आणि ‘काय करायलास’ असे बोलत शहरात शिकायला आलेल्या, आणि त्यावर पिकलेला हशा ऐकलेल्या आमच्यासारख्यांना, घरात बोलली जाणारी भाषा बातम्यांच्या गंभीर स्वरात ऐकताना काय वाटते, ते सांगितल्यावाचून राहवत नाही. मान ताठ होते.

१९ डिसेंबरला केंद्रावर गोवा मुक्तिदिनाचा कार्यक्रम ऐकला आणि मग ग्रंथालयात जाऊन त्याविषयी वाचले. पोर्तुगीज राजवटीत पणजीहून ‘एमिसोरा दि गोवा’ हे सरकारी केंद्र चाले. त्याच्या प्रचाराला उत्तर म्हणून २५ नोव्हेंबर १९५५ पासून ‘गोंयचे सोडवणेचो आवाज’ हे गुप्त केंद्र सुरू झाले. वामन सरदेसाई आणि लिबिया लोबो या दोघांनी ते प्रथम आंबोलीच्या रानातून आणि पुढे कॅसलरॉकहून डिसेंबर १९६१ पर्यंत चालवले. प्रसारण कोंकणीत आणि पोर्तुगीजमध्ये होई. मुक्तीनंतर या दोघांनी विमानातून पणजीवर घिरट्या घालत ध्वनिवर्धकावरून ती वार्ता लोकांना सांगितली. लिबिया लोबो-सरदेसाई यांना २०२५ साली पद्मश्री जाहीर झाली. आम्ही बसने जंगलातला घाट उतरत होतो, तेव्हा अशाच एखाद्या रानात ही माणसे सहा वर्षे बोलत राहिली, हा विचार मनात होता.

स्थानिक रेडिओ संकटकाळी किती मोलाचा ठरतो, याचे उदाहरण दूरच्या कॅरिबियन समुद्रात सापडते. माँटसेरात या छोट्या बेटावर १८ जुलै १९९५ पासून ज्वालामुखी जागा झाला. प्लिमथ ही राजधानी लोकांना कायमची सोडावी लागली. त्या काळात बेटाच्या ‘झेडजेबी’ या सरकारी रेडिओवरून ज्वालामुखी वेधशाळेची माहिती घरोघर पोहोचे. आपल्याला हे परके वाटू नये. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपाने आमचा लोहारा तालुकाही उद्ध्वस्त केला. आजोबा सांगतात, पुढे कित्येक दिवस पत्र्याच्या शेडात सेलवरच्या रेडिओभोवती माणसे बसत. कोणत्या गावाचे काय झाले, हे त्यातून कळे.

आता थोडे आपल्याविषयी. तुळजापूरला वर्षभर लाखो भाविक येतात, दर्शन घेतात आणि परत जातात. आपला जिल्हा त्यांना मंदिर आणि दुष्काळ या दोनच चित्रांत ठाऊक असतो. आपल्याकडेही आकाशवाणीचे धाराशिव केंद्र आहे. येथे येण्यापूर्वी कोणी ते पंधरा दिवस ऐकले, तर सोयाबीनची, पाण्याची, शाळेची चिंता त्याच्या कानी पडेल आणि देवीच्या पायऱ्या उतरल्यावर तो समोरच्या माणसाशी दोन शब्द अधिक बोलेल.

म्हणून शेवटी दोन सूचना कराव्याशा वाटतात. पहिली अशी, की पुढील सहलीपूर्वी प्रत्येकाने त्या भागातील केंद्र निदान आठवडाभर ऐकावे आणि शब्द, हवामान व गाणी यांची नोंद ठेवावी. दुसरी सूचना मराठी विभागास नम्रपणे करते. शैक्षणिक संस्थांना सामुदायिक रेडिओ चालवता येतो. चेन्नईच्या अण्णा विद्यापीठाचे केंद्र २००४ पासून सुरू आहे आणि साताऱ्याच्या म्हसवडमध्ये ‘माणदेशी तरंग वाहिनी’ने ग्रामीण भागातही हे शक्य असल्याचे दाखवले आहे. केंद्राची परवानगी, यंत्रे, पैसा या गोष्टींना वेळ लागेल. तोवर आपण जात्यावरच्या ओव्या, गावोगावच्या बोली आणि भूकंप पाहिलेल्या वृद्धांच्या आठवणी मोबाइलवर ध्वनिमुद्रित करून ठेवाव्यात. आमच्या गल्लीतील तीन आजीबाई यासाठी तयार आहेत. येत्या सुटीत मी त्यांच्यापासून सुरुवात करणार आहे. ज्यांना बरोबर यायचे असेल त्यांनी ग्रंथालयात भेटावे.