गोळीला पाणी सुटलं

एम. फार्म.चं दुसरं वर्ष, जूनचा दुसरा आठवडा. नवी मुंबईतल्या आमच्या कॉलेजात रोटरी मशीनवर गोळ्या पाडायला घेतल्या आणि प्रत्येक गोळीचा वरचा थर पंचला चिकटून निघू लागला. जानेवारीत याच मशीनवर, याच फॉर्म्युल्याने गुळगुळीत गोळ्या पडल्या होत्या. कपाटातली जानेवारीची पिशवी काढली, तर तिच्यातल्या गोळ्याही मऊ पडलेल्या. नखाने दाबली की कड तुटायची. प्रबंध जुलैत द्यायचा होता.

विषय माझ्याच हट्टाचा होता. मावशीची केमोथेरपी परळला चालू होती. तेव्हा तिच्या पोटात पाण्याचा घोटही ठरत नव्हता. उलटी थांबवणारी ऑनडॅन्सेट्रॉनची गोळी जिभेवर ठेवली की क्षणात विरघळायची. गिळायला पाणी लागायचं नाही. अशी गोळी आपल्याला करता यावी, एवढ्यासाठी मी फार्मास्युटिक्स घेतलं. या गोळीला ‘ओडीटी’ म्हणतात. तिच्यात क्रॉसपोविडोनसारखा घटक असतो. तो तोंडातली लाळ झटकन ओढून घेतो आणि गोळी फुटते. पण लाळ ओढणारा पदार्थ हवेतलं पाणीही ओढतो. हे मी पुस्तकात वाचलं होतं, परीक्षेत लिहिलं होतं आणि तरी गोळ्या साध्या झिपच्या पिशवीत ठेवल्या होत्या.

मी रायगड जिल्ह्यातल्या चौलची. आमच्याकडे मृगाच्या आधी पापड, सुकट, सोडे सगळं उन्हात खडखडीत वाळवून घट्ट झाकणाच्या डब्यांत जातं. घरी रडत सांगितलं तेव्हा आई म्हणाली, “अगं, मिठाला पाणी सुटतं हे तुला ठाऊक नाही का? मग गोळ्या अशा कशा ठेवल्यास?” उत्तर नव्हतं. कोरड्या थंडीत जमलेला फॉर्म्युला नवी मुंबईच्या पावसाळी हवेतही जमेलच, हे मी गृहीत धरलं होतं.

त्याहून मोठी चूक वहीत होती. जानेवारीच्या बॅचला खोलीतलं तापमान आणि आर्द्रता किती होती, हे मी लिहिलंच नव्हतं. हायग्रोमीटर भिंतीवर होता. आकडा टिपायला दहा सेकंदं लागली असती. तो नसल्यामुळे दोन बॅचमधला फरक हवेमुळे पडला की मिश्रणामुळे, हे मी ठामपणे सांगू शकत नव्हते. मॅग्नेशियम स्टिअरेट किती मिनिटं फिरवलं, हेही अर्धवट लिहिलेलं. ते शेवटी घालून थोडाच वेळ फिरवायचं असतं. जास्त फिरवलं तर कणांवर त्याचा थर बसतो, गोळी कच्ची राहते आणि उशिरा विरघळते.

आणि स्टॅबिलिटी. तयार गोळी ४० अंश सेल्सिअस आणि ७५ टक्के आर्द्रतेत ठेवून ठराविक अंतराने तपासायची असते. नियमाप्रमाणे ही वेगवान चाचणी सहा महिन्यांची. माझ्या मार्गदर्शक सरांनी मला किमान तीन महिन्यांचे आकडे मागितले होते. एम. फार्म.ची चार सेमिस्टर, त्यातली शेवटची दोन संशोधनाची. मी आधी उत्तम गोळी शोधत बसले, स्टॅबिलिटी ‘शेवटी बघू’ म्हणून ठेवली. त्यात कंपनीकडून आलेलं औषधाचं गिफ्ट सॅम्पल संपलं, दुसरं यायला महिने गेले. जूनमध्ये हातात काहीच उरलं नाही.

एका सीनिअरने सुचवलं, “आकडे बसवून टाक, सगळे करतात.” खोटं कशाला बोलू, एक रात्र मी कोरं पान पुढ्यात घेऊन बसले होते. मावशी आठवली आणि वही मिटली. मुदतवाढ मागितली. एक सेमिस्टर गेलं, पाताळगंगेच्या एका कारखान्यात बोलणं झालेली नोकरीही गेली.

म्हणून आता या वाटेला लागणाऱ्या मुलामुलींना सांगते. तिसऱ्या सेमिस्टरच्या दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यातच, फॉर्म्युला पुरता जमलेला नसला तरी, एक बॅच स्टॅबिलिटीला लावा. ती बिघडली तर कशाने बिघडते ते कळेल, आणि तेच ज्ञान पुढच्या बॅचला उपयोगी पडेल. विषय नक्की करण्याआधी औषध हातात घ्या; सॅम्पल येईल या भरवशावर सिनॉप्सिस लिहू नका. नॅनोपार्टिकल ऐकायला भारी वाटतं, पण ते मोजायचं यंत्र आपल्या कॉलेजात आहे का, बाहेर तपासणीला किती पैसे आणि किती आठवडे लागतात, हे आधी विचारा. एम. फार्म.च्या प्रवेशाची जीपॅट परीक्षा मनापासून द्या. पात्र ठरलात आणि कॉलेज मान्यतेचं असेल तर शिष्यवृत्ती मिळू शकते. शेतीवाडीवर चालणाऱ्या घराला तो मोठा आधार असतो.

आणखी एक, कारण रायगडातली मुलं यात फसतात. घराजवळ नोकरी मिळेल म्हणून फॉर्म्युलेशन घेतात. पण रोहे-धाटाव, महाड इथले कारखाने मुख्यतः रसायनांचे आणि औषधांच्या कच्च्या मालाचे. तिथे रसायनशास्त्राच्या एम. एस्सी.ला किंवा केमिकल इंजिनिअरला आधी विचारतात. गोळ्या-कॅप्सूलचं काम हवं तर पाताळगंगा किंवा थेट गोवा, नाशिक, वाळूज अशी तयारी ठेवा. कुठेही गेलात तरी वही सुटत नाही. डिसेंबर २०२३ मध्ये सुधारून आलेल्या शेड्यूल एममध्ये, म्हणजे औषध कारखान्यांच्या नियमांमध्येही लेखी नोंदींवर मोठा भर आहे. जे लिहिलं नाही ते केलंच नाही, असं तपासणीला येणारा माणूस धरून चालतो.

वाढीव सेमिस्टरमध्ये मी कोरड्या खोलीत, डिह्युमिडिफायर लावून, दर तासाला आकडा टिपत बॅच घेतली. कॉलेजचा स्टॅबिलिटी चेंबर दुसऱ्यांनी भरलेला होता. मग डेसिकेटरच्या तळाशी मिठाचं संपृक्त द्रावण ओतलं आणि तो ४० अंशांच्या ओव्हनमध्ये ठेवला. बंद जागेत हे द्रावण आर्द्रता ७५ टक्क्यांच्या आसपास धरून ठेवतं. पेण-उरणच्या मिठागरांवरून एसटीने कितीदा गेले असेन. त्याच मिठाने माझा प्रबंध पुरा केला.

काही गोळ्या मी चौलला आईच्या फडताळातही ठेवल्या: निम्म्या ॲल्युमिनियमच्या ब्लिस्टरमध्ये, निम्म्या कागदाच्या पुडीत. हे प्रबंधात नव्हतं. आमच्याकडे उरलेल्या गोळ्या अजून पुडीत बांधून ठेवतात, मावशीही ठेवायची. श्रावण संपेपर्यंत ब्लिस्टरमधल्या गोळ्या तशाच टणक राहिल्या. पुडीतल्या आठवड्याभरातच कागदाला चिकटल्या होत्या.