जुन्या नौकेची खिडकी: मळ, ओरखडा की तडा?



एखादी जुनी वस्तू धूसर दिसू लागली की आपला हात आधी फडक्याकडे जातो. घरातल्या काचेचे त्यात फारसे बिघडत नाही. लहान नौकेच्या खिडकीचे मात्र तसे नाही. घाईने पुसल्यामुळे चांगली खिडकी कायमची खराब होऊ शकते. त्याहून वाईट म्हणजे, आतून कमकुवत झालेली खिडकी चकचकीत करून आपण निर्धास्त होऊ शकतो. म्हणून आजच्या पाठात साफसफाईच्या आधी विचारायचा एक प्रश्न शिकू या: हा धूसरपणा नेमका कुठे आहे?

एक उदाहरण घेऊ. ब्रिटनमध्ये १९६९ ते १९८० या काळात ‘वेस्टर्ली सेंटॉर’ नावाची २६ फुटांची शिडाची नौका बांधली जात असे. अशा सुमारे २,४०० नौका तयार झाल्या आणि त्यांतल्या कितीतरी आजही पाण्यात आहेत. फायबरग्लासचे अंग पन्नास वर्षे टिकते. खिडक्यांची तावदाने, रबर आणि सीलंट तितके टिकत नाहीत. त्या पिढीची नौका ज्याच्याकडे आहे, त्याला हे काम कधी ना कधी करावेच लागते. आपल्या कोकण-गोव्याच्या किनाऱ्यावरील केबिनवाल्या फायबरग्लास बोटींनाही ऊन आणि खारा वारा सोडत नाहीत.

आधी ओळख

लहान नौकेतले तावदान बहुधा काचेचे नसते, अॅक्रिलिकचे असते. अॅक्रिलिकचे वजन काचेच्या निम्म्याहूनही कमी असते आणि ते सहज फुटत नाही. नखाने हलकेच वाजवून पाहा. काच थंड लागते आणि खणखणते. प्लास्टिकचा आवाज बद्द येतो. काही नौकांत पॉलिकार्बोनेटही असते. ते आघाताला अधिक कणखर असते, पण त्यावर ओरखडे लवकर उठतात. ही ओळख पटल्याशिवाय कोणतेही द्रावण लावू नका.

पहिली शक्यता: मळ

मळ वरच असतो. तरीही कोरडे फडके फिरवू नका. तावदानावर मिठाचे बारीक खडे असतात आणि फडक्याखाली तेच ओरखडे पाडतात. आधी भरपूर गोडे पाणी ओता. मग सौम्य साबणाच्या पाण्यात मऊ सुती कापड भिजवून, दाब न देता पुसा आणि पुन्हा पाणी ओता. अमोनिया असलेले काच पुसण्याचे द्रावण, थिनर, पेट्रोल, अॅसिटोन यांपैकी काहीही अॅक्रिलिकला लावू नये. त्या दिवशी तावदान स्वच्छ दिसेल, पण पुढे त्यात बारीक तड्यांची जाळी उमटू शकते.

दुसरी शक्यता: ओरखडा

धुतल्यावरही धूसरपणा राहिला, तर तावदान पुसून कोरडे करा आणि त्यावर नख फिरवा. नख अडखळले तर ओरखडा पृष्ठभागावर आहे आणि तो घालवता येतो. यासाठी वॉटर पेपर वापरावा. ८०० नंबरने सुरुवात करून १०००, १५०० आणि २००० असे क्रमाने जावे. प्रत्येक वेळी घासण्याची दिशा काटकोनात बदला, म्हणजे आधीच्या रेषा गेल्या की नाही हे दिसते. पाणी सतत चालू ठेवा. एकाच जागी घासत बसलात तर तिथे खळगा पडेल आणि बाहेरचे दृश्य वाकडे दिसेल. शेवटी प्लास्टिकसाठीचे पॉलिश मऊ कापडाने लावा. यंत्र वापरलेच तर कमी वेगाने, कारण अॅक्रिलिक साधारण १०० अंश सेल्सिअसच्या आसपास मऊ पडू लागते.

एकही नंबर गाळू नका. पायरी गाळली की वेळ वाचल्यासारखा वाटतो. शेवटी उन्हात सगळ्या रेषा दिसतात आणि काम पुन्हा पहिल्यापासून करावे लागते.

तिसरी शक्यता: तडा

आता तावदानाकडे समोरून न पाहता, उन्हाच्या दिशेने तिरपे पाहा. आत चांदीसारखी चमकणारी बारीक जाळी दिसते का? नखाला ती बहुधा लागत नाही, कारण ती पृष्ठभागाखाली उतरलेली असते. वर्षानुवर्षांचे ऊन, चुकीची द्रावणे आणि फार घट्ट पिळलेले स्क्रू यांमुळे ती होते. इथे पॉलिशचा उपयोग नाही. घासून घासून तावदान पातळ होते, जाळी उरतेच आणि वरची चमक आपल्याला फसवते. भर समुद्रात असे तावदान लाटेच्या माऱ्याने फुटले, तर पाणी थेट केबिनमध्ये शिरते. लहान नौकांच्या खिडक्यांच्या मजबुतीसाठी ‘आयएसओ १२२१६’ हे स्वतंत्र आंतरराष्ट्रीय मानक आहे, ते उगीच नाही. जाळी दिसली की तावदान बदलावे.

बदलताना तीन गोष्टी

पहिली गोष्ट जागेची. अॅक्रिलिक उष्णतेने दर मीटरला, दर अंशाला साधारण ०.०७ मिलिमीटर वाढते. ६० सेंटिमीटर लांबीचे तावदान ३० अंशांच्या फरकाने सुमारे सव्वा मिलिमीटर वाढते. अॅल्युमिनियमची चौकट तेवढ्यात जेमतेम ०.४ मिलिमीटर वाढते. म्हणून छिद्रे बोल्टपेक्षा थोडी मोठी ठेवावीत आणि कडेला मोकळी जागा सोडावी. जागा दिली नाही, तर तावदान छिद्रापासूनच तडकू लागते. जुने तावदान फेकू नका. नव्याचा आकार त्यावरूनच आखायचा आहे. जाडी जुन्यापेक्षा कमी घेऊ नका.

दुसरी गोष्ट सीलंटची. जुने सीलंट, विशेषतः सिलिकॉन, पूर्ण खरवडून काढा. त्याचा अदृश्य थर राहिला तर त्यावर नवे काहीही नीट चिकटत नाही. पॉलिसल्फाइड सीलंट अॅक्रिलिकला लावू नये. चौकट बोल्टने आवळली जात असेल तर ब्यूटाइल टेप सोयीची, कारण ती वर्षानुवर्षे मऊ राहते. बोल्ट एका दमात पिळू नका. समोरासमोरचे बोल्ट थोडे थोडे, दोन-तीन दिवसांत आवळा, म्हणजे टेप सर्वत्र सारखी बसते.

तिसरी गोष्ट आतल्या ओलीची. चौकट काढल्यावर कापलेली कड नीट तपासा. अनेक नौकांत फायबरग्लासच्या दोन थरांमध्ये प्लायवूड किंवा बाल्सा लाकूड असते. ते ओले किंवा काळपट दिसले तर खिडकी लगेच बसवू नका. कुजलेला भाग काढा, उरलेला पूर्ण वाळू द्या, कड इपॉक्सीने बंद करा आणि मगच पुढे जा. ओल आत ठेवून बाहेरून पक्के बंद केले, तर कुजणे थांबत नाही; फक्त दिसेनासे होते.

शेवटी पाण्याची नळी घेऊन खालून वर हळूहळू धार न्या. आत एकाला टॉर्च घेऊन बसवा. पाणी जिथे टपकते तिथूनच आत येते असे नाही. वरून धार सोडली तर पाझराची खरी जागा कळत नाही.

स्वाध्याय

जवळपास बोट नसेल, तर घरातली एखादी धूसर प्लास्टिकची वस्तू किंवा हेल्मेटची पुढची काच घ्या आणि पुसण्याआधी तीन प्रश्न विचारा:

१. धूसरपणा धुऊन जातो का?
२. नख अडखळते का?
३. तिरपे पाहिल्यावर आत जाळी दिसते का?

उत्तरे वहीत लिहा आणि मगच ठरवा: धुवायचे, घासायचे की बदलायचे. हेल्मेटच्या काचेत जाळी दिसली, तर ती काच आजच बदला.