उठावाचे नकाशे व लवचिक प्लॅस्टिकचे चिकटकाम

जिल्ह्याचा भूगोल शिकविताना उठावाच्या नकाशाइतके उपयुक्त साधन क्वचितच आढळेल. औंढा नागनाथकडील डोंगर, उत्तर सीमेवरील पैनगंगा, दक्षिणेकडील पूर्णा व तिच्यावरील सिद्धेश्वर धरण, सेनगाव, हिंगोली, कळमनुरी या तालुक्यांतून वाहणारी कयाधू, ही सर्व मुलास बोटाने चाचपता आली म्हणजे भिंतीवरील सपाट नकाशाही त्यास समजू लागतो. डोंगर कागदाच्या लगद्याचे उत्तम होतात. अडचण येते ती पाण्याची. नदीसाठी निळे लवचिक प्लॅस्टिक लावले जाते आणि पुष्कळदा ते पहिल्या पावसाळ्यातच उचलून येते. कयाधूचे एक टोक लोंबू लागले की मुले ती ओढून पाहणार, हे सांगावयास नको.

दोष बहुधा हाताचा नसून चिकटद्रव्याच्या निवडीचा असतो. खळ काय किंवा सुतार वापरतात तो पांढरा फेव्हिकॉल काय, त्यातील पाणी कागदात, लाकडात वा कापडात जिरले म्हणजेच धरतो. प्लॅस्टिक पाणी पीत नाही.

सबब प्रथम प्लॅस्टिकची जात ओळखावी. लहानसा तुकडा पाण्यात बुडवून, त्यावरील बुडबुडे बोटाने पुसून सोडावा. वर आला तर पॉलिथीन किंवा त्याच्या कुळातील. तळाशी गेला तर बहुधा पीव्हीसी. जाळून पाहण्याची रीत वर्गात मुळीच अवलंबू नये. पीव्हीसीच्या धुरात हायड्रोक्लोरिक आम्लाची वाफ असते.

पॉलिथीनला शाळेत मिळणारे कोणतेही चिकटद्रव्य टिकाऊपणे धरत नाही. तेथे सुईदोराच बरा. पीव्हीसीची गोष्ट निराळी. शेतातील पाईप जोडण्याचे द्रव त्याचा पृष्ठभाग विरघळवून पकड घेते. मात्र पातळ तावावर ते जाड लावल्यास ताव सुरकुततो, आणि खाली थर्मोकोल असेल तर तेही विरघळते. चांभाराचे रबरी सोल्यूशन आरंभी घट्ट बसते, परंतु मऊ पीव्हीसीतील तेलकट द्रव्य हळूहळू त्यात उतरते व सांधा ढिला पडतो. शिवाय या दोन्हींची वाफ डोके जड करणारी व चटकन पेट घेणारी आहे. ते काम शिक्षकाने स्वतः, उघड्यावर करावे. डबा मुलांच्या हाती लागू देऊ नये.

यापेक्षा सोपा व स्वस्त उपाय रेक्झिनचा आहे. शिवणकाम करणाऱ्याकडे निळ्या रेक्झिनच्या कातरणी सहज मिळतात. तिची पाठ कापडाची असल्याने पांढरा फेव्हिकॉल तिला चांगला धरतो, आणि हे काम मुलांनाही करता येते. लगदा पूर्ण वाळलेला असावा व नदीच्या जागी रंग दिलेला नसावा. रंगावर लावलेली पट्टी रंगासकट निघते. वळणावर पट्टीच्या कडेला बारीक काप द्यावेत, वर वाळूची पिशवी ठेवून रात्रभर दाबावे. संपूर्ण नदी लावण्यापूर्वी बोटभर तुकडा कोपऱ्यात चिकटवून आठवडाभराने ओढून पाहावा.