अति जलपान आणि मस्तिष्कशोफ

‘भरपूर पाणी प्या’ हा सल्ला आज घरोघरी दिला जातो. आम्हीही तो अनेक रुग्णांना मात्रा न सांगता देत आलो आहोत. वस्तुतः शरद व ग्रीष्म हे ऋतू वगळता निरोगी व्यक्तीनेही पाणी अल्प प्रमाणातच प्यावे, असा अष्टांगहृदयाचा निर्देश आहे. अति जलपानाने अग्निमांद्य होते हे आपण जाणतोच. तथापि त्याचा मस्तिष्कावरील परिणाम प्रसंगी प्राणघातक ठरतो.

संप्राप्ती : रक्तातील सोडियमचे प्राकृत प्रमाण प्रतिलिटर १३५ ते १४५ मिलिइक्विव्हॅलंट असते. निरोगी वृक्क ताशी साधारणतः पाऊण ते एक लिटर पाणीच उत्सर्जित करू शकतात. त्याहून अधिक पाणी सतत प्यायल्यास रक्तातील सोडियम विरल होते व पाणी पेशींत शिरते. अन्य अवयवांना प्रसरणास वाव असतो. कवटीत बंदिस्त मस्तिष्काला तो नसतो. ही सूज दाहजन्य नव्हे, जलसंचयजन्य होय. २००२ च्या बोस्टन मॅरेथॉनमध्ये तपासलेल्या ४८८ धावपटूंपैकी १३ टक्के जणांत सोडियम घटलेले आढळले. शर्यतीत वजन वाढलेल्यांत हे प्रमाण विशेष होते.

लक्षणे : शिरःशूल, हृल्लास, छर्दी, तंद्रा, बुद्धिभ्रम, पुढे आक्षेपक व संन्यास. उन्हाळ्यात अशा रुग्णास ऊन लागले वा पित्त वाढले असे समजून आणखी पाणी पाजले जाते. घात होतो तो येथेच.

विशेष धोका : वृद्ध व्यक्ती, थायाझाइड गटातील मूत्रल किंवा काही अवसादरोधी औषधे घेणारे, तसेच हृदय, यकृत व वृक्कविकारांचे रुग्ण.

आपले कर्तव्य :
१) छर्दी व शिरःशूलाच्या रुग्णास दिवसभरात किती पाणी घेतले व कोणती औषधे चालू आहेत, हे अवश्य विचारावे.
२) औषधविक्रेत्यांनी लक्षात ठेवावे की, प्रमाणित ओआरएसमध्ये प्रतिलिटर ७५ मिलिइक्विव्हॅलंट सोडियम असते, म्हणजे रक्तापेक्षा कमी. अतिसारात ते उपयुक्त आहे; परंतु या अवस्थेवरील तो उपचार नव्हे.
३) तंद्रा, भ्रम वा आक्षेपक दिसल्यास मुखावाटे काहीही न देता रुग्णास तत्काळ रुग्णालयात पाठवावे. घरी मिठाचे पाणी पाजू नये. हळूहळू घटलेले सोडियम वेगाने वाढविल्यासही मस्तिष्काची हानी होते. म्हणून रक्ततपासणीच्या आधारेच ते वाढवावे लागते.

तहान, ऋतू, श्रम व व्याधी पाहून पाण्याची मात्रा सांगावी. मूत्राश्मरीसारख्या व्याधीत अधिक पाणी आवश्यक असते. तेथेही ते दिवसभरात विभागून घेण्यास सांगावे.