गप्पी मासे : रंगीत आणि भुरे

चिखलदऱ्याजवळच्या एका गावात आम्ही पाण्याचा हौद पाहायला गेलो. हौदात गप्पी मासे सोडले होते. हे मासे डासांच्या अळ्या खातात. डास कमी झाले की हिवतापाला आळा बसतो.

हौदावर एक आजी होत्या. त्या म्हणाल्या, "रंगीत हायेत ते गप्पी. हे भुरे तं निराळ्या जातीचे हायेत जी. काढून फेकतो."

आम्ही म्हणालो, "थांबा आजी! भुऱ्या आहेत त्या माद्या. रंगीत ते नर. जात एकच."

कोंबडा आणि कोंबडी सारखी दिसतात का? तसेच हे आहे. नर लहान असतो. त्याच्या अंगावर नारिंगी, निळे, काळे ठिपके असतात. एका नरासारखा दुसरा नर सहसा सापडत नाही. हे ठिपके बरेचसे बापाकडून मुलाकडे येतात.

मादी मोठी असते. ती अंडी घालत नाही. महिन्याकाठी जिवंत पिले देते. माद्याच फेकल्या, तर पिले कोठून येणार? मासे संपतील आणि डास पुन्हा होतील.

हा मासा मूळचा दक्षिण अमेरिकेकडचा. त्रिनिदाद बेटावरच्या गपी नावाच्या गृहस्थांवरून १८६६ साली त्याला हे नाव मिळाले.

दोन गोष्टी ध्यानात ठेवू. त्याला कडक थंडी सोसत नाही. म्हणून हिवाळा सरला की हौदात मासे आहेत ना, ते पाहावे. आणि हे मासे नदीनाल्यात सोडू नयेत. तेथल्या माशांची अंडी ते खातात.

सांगा पाहू : भुरे मासे का फेकू नयेत?